माग बंद ठेवून केलेलं रेकॉर्डिंग

आमच्या घरात शांतता असायची तेव्हा लाइट नसायची, आणि लाइट असायची तेव्हा शांतता नसायची. सोलापूरच्या मागांच्या वस्तीत, एका कारखान्याच्या माडीवर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेऊन आम्ही दोघी बहिणी राहत होतो. खाली मालकांचे आठ पॉवरलूम. सकाळी पहिली पाळी सुरू झाली की फडताळातल्या बश्या थरथरायला लागत, त्या दुसरी पाळी सुटेपर्यंत. आठवड्यातून एक दिवस मागांना सुट्टी असे, पण नेमका त्याच दिवशी वीजवाले आमच्या भागाचा प्रवाह बंद ठेवत. संध्याकाळी लाइट यायची ती गल्लीतले सगळे रेडिओ आणि सगळी पोरं बरोबर घेऊनच. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. सत्तरच्या दशकातल्या एका चैत्रात मात्र मला एक तास हवा होता. लाइट असलेला आणि आवाज नसलेला, फक्त एक तास.

कारण त्यानंतर अक्काचा आवाज राहील की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आणि स्वभावानं नव्वद वर्षांनी शांत. आईवडील गेल्यावर आम्ही दोघीच उरलो होतो. ती मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर होते. दिवसाचे आठ तास कानाला हेडफोन लावून परगावच्या माणसांचं "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" ऐकायचं, हे माझं काम. घरी आल्यावर ती तंबोरा काढायची आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर चहा घेऊन बसायची. खडखडाटातून तिचा आवाज तेवढा वेचून घ्यायची माझ्या कानाला सवय झाली होती. त्या सवयीचा मला जरा गर्वही होता.

त्या वर्षी माघात तिचा आवाज बसला. सर्दी म्हणून आम्ही हळद-दूध केलं, मग काढा केला, मग शाळेतल्या कुणी सांगितली ती गोळी आणली. फाल्गुन संपत आला तरी घसा मोकळा होईना, तेव्हा मिरजेला गेलो. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, ते म्हणाले. कसली आहे ते काढल्यावर कळेल. बोलता येईल, पण आवाज हाच राहील असं मी सांगू शकत नाही. ऑपरेशनचा दिवस तीन आठवड्यांनंतरचा मिळाला. तोवर कमी बोला, असंही सांगितलं.

"आणि गाणं?" अक्कानं विचारलं.

"गाणं? आता?" डॉक्टर म्हणाले.

मी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला. अक्कानं तो 'नाही म्हटलेलं नाही' असा घेतला. एस.टी. सांगोल्याच्या पुढं आल्यावर खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, "माझं गाणं टेप करून ठेव. जमेल तुला?"

 जमेल का म्हणून विचारायला मी काय रेडिओवर इंजिनिअर होते? पण दुसरं कोण करणार, हेही कळत होतं. काही वर्षांपूर्वी अक्का रेडिओच्या परीक्षेला जाऊन आली होती. त्या काचेच्या बंद खोलीत समोर लाल दिवा लागल्याबरोबर तिला घाम फुटला, तंबोऱ्यावरची बोटं गार पडली आणि पहिला षड्जच चुकला. "तिथं माझाच आवाज मला परका वाटला गं," एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा तिकडं फिरकली नाही. म्हणजे खोली इथंच करायला हवी होती. तिच्या घरात, तिच्या चटईवर.

"जमेल," मी म्हणाले. "पण करायचं तर रेडिओसारखं. एक भांडं वाजलेलं चालणार नाही." लोकांनी लग्नामुंजीत केलेल्या टेपा मी ऐकल्या होत्या. त्यांत मंगलाष्टकांपेक्षा पंगतीतल्या वाट्याच जास्त. तसलं काही अक्काच्या नावावर मागं राहायला नको होतं.

सात रस्त्याजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. पांढरी दाढी, डोळ्याला लावायचं भिंग कायम कपाळावर चढवलेलं. त्यांच्याकडं कुणीतरी दुरुस्तीला टाकून नंतर न्यायलाच न आलेलं स्पूलच्या टेपरेकॉर्डरचं एक मशीन होतं. विजेवर चालणारं, पेटीएवढं, उचलताना कमरेतून कळ येईल असं. मी अक्काचं सगळं सांगितल्यावर त्यांनी ते चार दिवसांसाठी दिलं आणि कुठून तरी एक कोरी टेपही मिळवून दिली.

"लई नाजूक मशीन है बाई," ते म्हणाले. "बाकी कुच नक्को, वोल्टेज जरा देखके चलाव."

व्होल्टेज म्हटलं की आमच्या भागात एकच भीती. मागांची सुट्टी असली की संध्याकाळी लाइट भसकन यायची आणि कुणाचा ना कुणाचा बल्ब उडायचा. ती वेळ टाळायची, एवढं मी मनाशी पक्कं केलं. मी हुशार आहे असं मला तेव्हा वाटायचं.

मधली खोली मी स्टुडिओ करायला घेतली. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की ती भिंतींवर आपटून परत यायची, ती परत आली नाही पाहिजे, एवढंच शास्त्र मला ठाऊक होतं. खालून मालकांकडून विणीत खोट आलेल्या चादरी आणल्या आणि चारी भिंतींना खिळे ठोकून त्या लटकवल्या. खिडकीत दोन गाद्या उभ्या केल्या. कोपऱ्यांत सुताची गाठोडी रचली. आढ्याला पाळण्याची कडी होती, तिला दोरी बांधून मायक्रोफोन खाली सोडला, म्हणजे तो अक्काच्या हनुवटीसमोर यायचा. मशीनची स्वतःची घरघर टेपवर येऊ नये म्हणून ते स्वयंपाकघरात ठेवलं आणि दाराखालून वायर काढली. एक्स्चेंजमध्ये मोडीत काढलेला एक हेडफोन होता, तो साहेबांना विचारून घेतला आणि मिस्त्रींकडून त्याला मशीनला बसणारी पिन लावून घेतली. भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. पंखा बंद. सोलापूरचा चैत्र, चोहीकडं चादरी, त्यांना खळीचा वास, आणि मध्ये अक्का घाम पुसत बसलेली. टाळी वाजवली, ती जिथल्या तिथं मेली. मला फार आनंद झाला.

तो आनंद तासभरही टिकला नाही. माग खाली चालूच होते, पण एवढ्या चादरींतून काय येणार, असा माझा हिशेब होता. अक्कानं गायला सुरुवात केली आणि हेडफोनमध्ये आधी माग आले, मग अक्का. आवाज भिंतींतून येतच नव्हता, तो जमिनीतून, खांबांतून, आढ्यातून आणि त्या पाळण्याच्या कडीतून थेट मायक्रोफोनमध्ये उतरत होता. मी कडीची दोरी बदलली, रबराची ट्यूब कापून बांधली. "पुन्हा म्हण." मायक्रोफोन स्टुलावर ठेवला, स्टुलाखाली उशी घातली. "पुन्हा म्हण." उशीखाली आणखी उशी. "अक्का, पुन्हा."

असा मी तिला तोच मुखडा किती वेळा म्हणायला लावला, ते मोजलं नाही. मोजलं असतं तर बरं झालं असतं. प्रत्येक वेळी मला मागांचाच आवाज ऐकू येत होता, म्हणून तिच्या आवाजाला पडत चाललेली चीर ऐकू आली नाही. शेवटी ती वरच्या षड्जावर गेली आणि तिथं आवाजाऐवजी नुसता वारा निघाला. ती थांबली. रागावली नाही. तिनं शाळेची पाटी जवळ ओढली, कारण बोलणं वाचवायला ती आता घरात पाटीवर लिहायची, आणि लिहिलं, "उद्या."

 डॉक्टरांनी कमी बोला म्हणून सांगितलेल्या माणसाला मी दोन तास गायला लावलं होतं, आणि हाती काय, तर मागांचं रेकॉर्डिंग. चार दिवसांतले दोन संपले होते. अक्काच्या घशात किती गाणं शिल्लक आहे, ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा घासली.

उपाय सुचला तो असा. आदल्या हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा वारले होते. आमच्या गल्लीची रीत अशी, की गल्लीत कुणी गेलं की त्याचं प्रेत उचलेपर्यंत गल्लीतल्या एकाही कारखान्यात माग चालवायचा नाही. त्या दिवशी मी गॅलरीत उभी होते आणि मला पहिल्यांदाच समोरच्या कौलावरची चिमणी ऐकू आली होती. आणि वस्तीतले बाकीचे सगळे कारखाने चालू असल्यामुळं लाइट मात्र होती.

मी खाली मालकांकडं गेले. घरात तेलुगू बोलणारं कुटुंब, पण गल्लीतल्या माणसांशी मराठी बोलत. मी काय मागतेय ते सांगायला मला फार वेळ लागला, कारण मध्येच मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला रागही आला.

मालकांनी मागाचा दांडा ओढून माग थांबवला, मगच ऐकलं. "अक्काला टेप करायचंय? मग करू की बंद. लग्नात अक्कानं गाणं म्हटलं, मगच माझी पोरगी सासरी गेली, मी विसरलो न्हाय. दुपारी कामगार जेवतात, त्यात अजून अर्धा तास घालू. पण गल्लीत अजून चार कारखाने हायेत ताई. त्यांना बी सांगावं लागतंय. मी सांगतो."

त्यांच्या बायको सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "काय बोलता तुमी? माग कशासाठी बंद ठिवतात ते ठावं हाय न्हवं? जित्या माणसासाठी कुणी गल्ली बंद करतंय व्हय? त्यात पंधरा दिवसांवर तिचं आपरेशन!"

शकुन-अपशकुन मानणाऱ्यातली मी नव्हते. एरवी मी चार वाद घातले असते. पण त्या वेळी मला ते जमेना, कारण त्यांनी जे बोलून दाखवलं ते माझ्याच मनात कुठंतरी होतं. मी तिचं गाणं टेप करतेय म्हणजे ती जाणार असं मी धरूनच चाललेय का? मालकांनी बायकोची समजूत कशीतरी काढली. शेवटी बाईंनीच एक तोड काढली. दुसऱ्या दिवशी माग थांबायच्या आधी त्या वर आल्या, अक्काला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि "आता ही शुभाची शांतता झाली" असं म्हणून गेल्या. पण जाताना त्यांनी माझ्याकडं जसं पाहिलं, ते मला दुपारभर पुरलं.

बाराच्या सुमाराला माग थांबायला लागले. आधी समोरचे, मग कोपऱ्यावरचे, मग आमच्या खालचे एकेक करत. शेवटचा थांबला आणि माझ्या कानांत नुसतं घूं व्हायला लागलं. लांबच्या गल्ल्यांतले माग पाऊस पडल्यासारखे ऐकू येत होते, ते चादरींत अडकले. स्वयंपाकघरात अंधार होता म्हणून बल्ब लावला होता, तो नेहमीसारखा तांबूस जळत होता. व्होल्टेज चढलेलं नाही, मशीन सुखरूप आहे, असं म्हणून मी निःश्वास टाकला. मशीनच्या दिव्याचा हिरवा डोळा लागला. मी हेडफोन चढवला आणि दार किंचित उघडून अक्काला खूण केली.

तिचा षड्ज लागला, तिच्या नेहमीच्या पट्टीत, हार्मोनियमच्या काळी चारमध्ये, तंबोऱ्याच्या बरोबर मध्यावर. काल फाटलेला आवाज रात्रीतून जणू कुणी रफू करून दिला होता. हेडफोनमध्ये मला तिचा श्वास ऐकू येत होता, ओठ उघडल्याचा आवाज ऐकू येत होता. इतकी वर्षं मी खडखडाटातून वेचत होते तो हाच आवाज, पण एवढा पूर्ण मला कधी मिळालाच नव्हता. मी ऐकायचं सोडून घाबरत होते. कबूतर येईल. नळ येईल. गिरणीचा भोंगा होईल. टेप अडकेल. पहिली बंदिश झाली, मग एक अभंग झाला, काहीही झालं नाही. दुसरा अभंग झाला, तरी काही नाही.

तिसरा अभंग निम्म्यावर आला आणि जिन्यावर चपला वाजल्या. दाराला कडी घालायची मी विसरले होते. शेजारच्या गल्लीतली एक आज्जी, डोक्यावर पदर घेतलेली, धापा टाकत थेट मधल्या खोलीत शिरली आणि चादरी टांगलेल्या त्या खोलीकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "कोण गेलं गं बाई? माग का बंद हायेत?"

तंबोरा थांबला.  मग अक्का हसली. मोकळं, खळखळून हसली आणि म्हणाली, "कुणी न्हाय गेलं आज्जी. मी हाय की हितं. बसा, गाणं ऐका."

मी मशीन बंद केलं आणि स्वयंपाकघरातून बाहेर आले ती पेटूनच. त्या म्हातारीला मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. दुसऱ्याच्या घरात असं शिरतात का, डोळे आहेत की नाहीत, सगळं मातीत घातलंत, असलं बरंच. ती बिचारी दुखवट्याला म्हणून आली होती, चांगुलपणानं आली होती. ती भिंतीला धरून उभीच राहिली. अक्कानं तिचा हात धरून तिला चटईवर बसवलं.

"मागं घेते," मी म्हणाले. "हे पुसून टाकते. अभंग पहिल्यापासून म्हण."

"नको," अक्का म्हणाली. "असू दे तसंच. पुढं चल."

"अगं पण त्यात ती बोललीय! तू हसलीयस! रेडिओसारखं..."

"आवाज उतरायला लागलाय माझा," ती हळूच म्हणाली. "जे उरलंय ते पुढच्याला लागेल."

 मी दाराला कडी घातली, आज्जीला तोंडावर बोट ठेवून दाखवलं आणि पुन्हा बटण दाबलं. अक्कानं तिसरा अभंग अर्ध्यावरून उचलला. मग आई म्हणायची तो पाळणा म्हटला. त्याच्या शेवटच्या कडव्यात आवाज एकदा चिरकला, पण ती त्यातून निभावली. ती थांबली आणि दोन-चार मिनिटांत खाली पहिला माग सुरू झाला.

खालची पाळी बदलते त्या मधल्या वेळात, लांबचे माग चालू असतानाच, मी टेप लावून पाहिली. तंबोरा छेडला आणि टेपवरच्या तंबोऱ्याशी ताडून बघितला. तंतोतंत. अक्कानं मान हलवली. त्या एका दुपारी मी शांत झोपले. तिसऱ्या अभंगातली ती घाण तेवढी कधीतरी पुसून टाकायची, असं ठरवून ठेवलं आणि मशीन मिस्त्रींना परत केलं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. हे कळेपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात मी जे दिवस काढले ते मी कुणाला सांगत नाही. मग महिनाभर मौन. घरभर पाटी आणि पेन्सिलीची किरकिर. एरवी मला सहन न होणारी ती किरकिर मी देवघरातली घंटा म्हणून ऐकायची. वैशाख सरता सरता डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. अक्कानं माझं नाव घेतलं, आणि मी मागं वळून पाहिलं, की कोण पुरुषमाणूस आलंय.

आवाज जाड झाला होता, खरबरीत झाला होता. आठवडे गेले तरी तसाच. तंबोऱ्याजवळ ती एकदा बसली. खालच्या तीन सुरांच्या वर काही चढेना, तेव्हा गवसणी घालून तंबोरा कोपऱ्यात उभा केला. ती रडली नाही. पण बोलायची मुभा असूनही पुन्हा पाटीवर लिहायला लागली, आणि ते मला रडण्याहून वाईट वाटत होतं. एक दिवस तिनं लिहिलं, "टेप लाव."

टेप होती, मशीन नव्हतं. दुपारी आम्ही दोघी टेप पदराखाली धरून सात रस्त्याला गेलो. मिस्त्रींनी स्टूल पुसून अक्काला बसायला दिलं, टेप चढवली, बटण दाबलं.

दुकानातून एक पोरगी गायला लागली. बारीक, उंच, घाईघाईनं. सूर काळी चारचाही नाही आणि वरच्या पांढरीचाही नाही, मध्येच कुठंतरी लटकलेला. ताना अशा, की गाडी सुटणार आहे म्हणून कुणी धावतंय. तंबोरासुद्धा किनरा. मला वाटलं, मिस्त्रींनी दुसरीच टेप लावली. पण श्वास घ्यायच्या जागा अक्काच्या होत्या.

अक्कानं शेवटपर्यंत ऐकलं नाही. पहिल्या बंदिशीतच पाटी काढली आणि लिहून माझ्यासमोर धरली. "ही कोण?"

 मी मिस्त्रींवरच ओरडले. तुमचं मशीन बिघडलंय, तुम्ही काय केलंत त्याला, मी व्होल्टेज सांभाळलं होतं, एकदाही चढू दिलं नाही. ते शांतपणे ऐकत होते.

"चढने नहीं दिया," ते म्हणाले. "उतरा कित्ता था, वो देखा क्या? तुमारे घर में बल्ब कैसा जलता?"

"कसा म्हणजे? नेहमीसारखा."

त्यांनी वर बोट दाखवलं. दुकानात बल्ब पांढराशुभ्र जळत होता, बघवत नव्हता इतका. इतक्या वेळा मी त्या दुकानात गेले होते, पण ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या वस्तीत शेकडो माग एकदम प्रवाह ओढत, त्यामुळं आमचा बल्ब जन्मापासून तांबूसच. आम्ही त्यालाच उजेड म्हणत होतो. त्या तोकड्या विजेवर मशीनची मोटर सावकाश फिरली, टेप सावकाश भरली गेली. घरी लावून पाहिली तीही त्याच विजेवर, म्हणून तंतोतंत वाटली. इथं पूर्ण वीज मिळाल्यावर ती पळत सुटली. मिस्त्रींनी मशीनच्या वायरीत एक बल्ब जोडून वीज कमी करून पाहिली. आवाज खाली आला, मग फार खाली आला, मग डुलायला लागला. अक्कानं हात जोडून त्यांना थांबवलं.

मी मशीन मागून घेतलं आणि टांगा केला. वाटभर माझ्या मनात एकच चाललं होतं. तिचा शेवटचा चांगला श्वास माझ्या हातात दिला होता आणि मी त्याचं हे केलं. आधी दोन तास वाया घालवले, मग जे उरलं तेही वाकडं भरून ठेवलं. काचेच्या खोलीत तिला तिचा आवाज परका वाटला, म्हणून मी घरात खोली केली होती.

घरी आलो तेव्हा माग भरात होते. बश्या थरथरत होत्या. मी स्वयंपाकघरात मशीन लावलं. हिरवा डोळा मंद लागला, बल्ब तांबूस. टेप फिरायला लागली, पण त्या खडखडाटात काहीच ऐकू येईना. मी हेडफोन शोधून पिन खोचली, दोन्ही हातांनी कानांवर दाबला.

अक्का गात होती. काळी चार. तिचा श्वास, तिचे ओठ, सगळं जिथल्या तिथं. मला हुंदका आला, तो मागांनी झाकला. जो गोंगाट तिच्या आवाजात नको म्हणून मी सारी गल्ली थांबवली होती, तो चालू असेल तेव्हाच तिचा आवाज खरा होणार होता.

मी हेडफोन तिच्या कानांवर चढवला. ती ओट्याला टेकून खाली बसली, डोळे मिटले. पाटी मांडीवर होती, दुकानात लिहिलेलं अजून तसंच. मी समोर उभी राहून तिची बोटं बघत राहिले. ती गुडघ्यावर ताल धरत होती. बंदिश संपली असावी, बोटं थांबून पुन्हा सुरू झाली. पहिला अभंग, मग दुसरा. मग तिसरा. तिसऱ्याच्या मध्यावर बोटं एकदम थांबली. ती घाण पुसायची राहूनच गेली होती.

अक्काचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. तिनं डोळे न उघडताच हातानं खूण केली, मागं घे. मी टेप मागं घेतली. पुन्हा खूण. पुन्हा मागं. तिसऱ्यांदा तिनं हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला.

"कोण गेलं गं बाई? माग का बंद हायेत?"

"कुणी न्हाय गेलं आज्जी. मी हाय की हितं. बसा, गाणं ऐका."

अख्ख्या टेपवर ती बोललेली एवढी एकच जागा होती. तिचा बोलतानाचा आवाज, तिचं हसणं आता याखेरीज जगात कुठंच नव्हतं, आणि मी ते पुसणार होते.

हेडफोन काढून मी खाली पाहिलं. अक्का तळहातानं पाटीवरचं 'ही कोण?' पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं दुसरं काही लिहिलं नाही. हेडफोन माझ्याकडून मागून घेतला आणि टेप चालू ठेव अशी खूण केली.